शेजारधर्म आणि कायदा

जुन्या मुंबई-पुणे महामार्गावरील खोपोलीचा शिळफाटा हा सतत वाहता नाका. कारखान्यांच्या निमित्ताने या परिसरात दूरदूरची कुटुंबे येऊन स्थिरावली. अशा वस्तीत नव्या सुनेचे माहेर दूर असते. भिंतीपलीकडचा शेजारीच तिला सर्वांत जवळचा. तो मात्र बहुधा ‘त्यांच्या घरचा प्रश्न’ म्हणून दार लोटून घेतो.

वास्तविक शेजाऱ्याला कायद्याने अभय दिले आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा अधिनियम २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आहे. त्याच्या कलम ४ नुसार छळाची माहिती कोणीही संरक्षण अधिकाऱ्यास देऊ शकतो. सद्भावनेने दिलेल्या माहितीबद्दल त्याच्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही.

मारहाणीचे वळ दिसतात, आर्थिक छळ दिसत नाही. पगार जमा होताच एटीएम कार्ड काढून घेणे, घरखर्च अडवणे, दागिने परस्पर विकणे किंवा गहाण टाकणे, हादेखील याच कायद्यानुसार हिंसाचार होय. स्त्रीधन परत करण्याचा आदेश दंडाधिकारी देऊ शकतात. मात्र मागणीस आधार हवा. म्हणून लग्नात मुलीला दागिन्यांबरोबर त्यांच्या पावत्या, छायाचित्रे आणि तिच्या एकटीच्या नावाचे बँक खाते द्यावे. पासबुक तिच्याजवळ राहावे. पिन तिने कोणासही सांगू नये.

अठरा वर्षांखालील मुलांबाबत तर मौन हाच गुन्हा ठरू शकतो. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणे बंधनकारक केले आहे. आरोपी नात्यातला आहे, घराण्याची अब्रू जाईल, या सबबी तेथे चालत नाहीत.

शिकवण केवळ मुलींना देऊन भागणार नाही. ‘मेन अगेन्स्ट व्हायोलन्स अँड अब्यूज’ ही संस्था मुंबईत १९९३ मध्ये पुरुषांनीच स्थापन केली आणि महाविद्यालयीन तरुणांशी या विषयावर संवाद सुरू ठेवला. आपल्या युवक मंडळांनाही असे एक सत्र घेणे अवघड नाही.

शिळफाट्याहून अलिबागचे जिल्हा मुख्यालय लांब पडते. दूरध्वनी हाताशी असतो. तातडीसाठी ११२, महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८ आणि विधी साहाय्यासाठी १५१००. स्त्रिया व मुलांना हे साहाय्य उत्पन्नाची अट न लावता विनामूल्य मिळते. हे चार क्रमांक प्रत्येक सोसायटीच्या सूचना फलकावर याच आठवड्यात लावले जावेत.