नवरीला पेटीत घालू नका हो!

आज थोडं भांडायला आलोय. आपल्या हुबळी-धारवाडच्या जुन्या आठवणींचा हा कट्टा, भांडण पण आठवणीतूनच निघालंय, तेव्हा चालवून घ्या.

हल्ली आमच्या केशवापूरकडच्या कार्यालयांत रिसेप्शनला जादूगार बोलवायची पद्धत पडली आहे. ऑर्केस्ट्रा महाग, डीजेनं म्हाताऱ्यांची छाती धडधडते, मग जादूगार बरा. मला जादू फार आवडते. आमच्या पिढीनं पुण्याच्या जादूगार रघुवीरांचं नाव ऐकत लहानपण काढलं. त्यांचे चिरंजीव विजय रघुवीर, नातू जितेंद्र रघुवीर, अशी तिसरी पिढी त्या घरात या कलेत उतरली. रिकाम्या लोट्यातून पुन्हा पुन्हा पाणी काढणारा माणूस बघून आजही माझं तोंड उघडंच राहतं. तेव्हा माझा राग जादूवर नाही.

राग कशावर आहे ते सांगतो. गेल्या लग्नसराईत तीन रिसेप्शनला गेलो. तिन्हीकडं शेवटचा खेळ नवरीवर. एकीकडं तिला पेटीत उभं करून सुऱ्या खुपसल्या. दुसरीकडं तिचा हात लाकडी खोड्यात घालून वरून पातं पाडलं, आणि वर विनोद, ‘आता लाटणं कसं धरणार?’ तिसरीकडं मंगळसूत्र मागून घेतलं, रुमालात बांधलं, फुंकर मारली, गायब! मंगळसूत्र गळ्यात पडून पाच तास झाले नव्हते. नवरीची आजी पहिल्या रांगेत होती, ती पदर तोंडाला लावून बसली. नंतर ते वरमाईच्या पर्समधून निघालं, लोक हसले, टाळ्या पडल्या. आजी काही हसली नाही. आणि गंमत बघा, त्याच जादूगारानं नवऱ्याचं घड्याळ मागितलं तेव्हा ‘सर, चालेल ना? महागाचं दिसतंय’ असं दोनदा विचारलं. मंगळसूत्राच्या वेळी एकदाही नाही.

कुणी म्हणेल, काका, तिनं स्वतःच काढून दिलं की! आता मी बी.कॉम., त्यावर सगळी नोकरी बँकेत गेली. १८७२ चा काँट्रॅक्ट ॲक्ट आम्हाला झोपेत विचारला तरी सांगू. कलम १३ म्हणतं, दोघांनी एकच गोष्ट एकाच अर्थानं मान्य केली तर ती संमती. कलम १४ पुढचं सांगतं, संमती मोकळी पाहिजे, दडपणाखाली दिलेली चालत नाही. आम्ही काउंटरवर एखाद्या म्हातारीला अंगठा उठवायला दोन मुलं दोन्हीकडून धरून आणायची तेव्हा मुलांना बाहेर बसवून तिला एकटीला विचारायचो. इथं काय? अंगावर शालू, डोक्याला मुंडावळ्या, समोर चारशे माणसं, दोन कॅमेरे, डोक्यावर ते ड्रोन, शेजारी नवं सासर. ती ‘नको’ म्हणाली तर उद्यापासून ‘सून जरा अकडूच आहे’ हे ठरलंच. असल्या ‘हो’ला हो म्हणायचं का?

दुसरा वाद येतो परंपरेचा. ‘बाई कापायचा खेळ जुनाच आहे, त्यात काय एवढं!’ जुना कसला? लंडनमध्ये पी. टी. सेल्बिट नावाच्या जादूगारानं तो १९२१ च्या जानेवारीत रंगमंचावर आणला. म्हणजे आपली ललितकलादर्श त्याहून जुनी. केशवराव भोसल्यांनी ती १९०८ साली याच हुबळीत काढली. इंग्लंडात तीन वर्षांपूर्वीच बायकांना, तेही तिशीच्या पुढच्यांना, मताचा हक्क मिळाला होता. सेल्बिटनं काय करावं? त्या चळवळीतल्या ख्रिस्ताबेल पँखर्स्ट यांनाच आठवड्याला वीस पौंडांवर कापून घ्यायला बोलावलं. जाहिरातच ती. बाईंनी नकार दिला. त्यांना देता आला, कारण त्या कुणाच्या मांडवात बसल्या नव्हत्या.

आपल्या पी. सी. सरकारांनी १९५६ साली बी.बी.सी.वर करवतीनं मुलगी कापून दाखवली, कार्यक्रमाची वेळ संपली म्हणून प्रक्षेपण तिथंच तुटलं, आणि मुलगी मेली समजून लोकांनी फोन करकरून भंडावून सोडलं. मोठा कलावंत, मोठा खेळ. पण ती मुलगी त्यांच्याच संचातली होती, तालीम केलेली, पगारी. आपली नवरी तालीम केलेली नाही आणि तिला पगारही नाही.

आता आपले जुने खेळ आठवा. हळदीच्या पाण्यात अंगठी टाकायची आणि दोघांनी शोधायची. मुठीतली सुपारी सोडवायची. आमच्या कानडी शेजाऱ्यांकडं तर उरटण्याचा कार्यक्रमच असतो. चेष्टा तिथंही व्हायची, कधी कधी नको इतकी व्हायची, मी काही सगळं जुनं ते सोनं म्हणणाऱ्यातला नाही. उखाण्यासाठी पोरीला दारात अडवतात तेही मला नेहमी बरं दिसत नाही. पण अंगठी तिलाही सापडू शकते! सुपारी तीही घट्ट धरू शकते. उखाणा त्यालाही घ्यावा लागतो. पेटीतल्या नवरीला जिंकायची सोयच नाही.

आणि दोघांसाठी चांगले खेळ आहेत की. दोन दोऱ्यांची एक दोरी होते, फाडलेला कागद सांधतो, दोन कड्या एकमेकींत अडकतात. परदेशात ‘ॲनिव्हर्सरी वॉल्ट्झ’ नावाचा पत्त्यांचा एक खेळ जोडप्यांसाठी करतात. एका पत्त्यावर त्यानं सही करायची, दुसऱ्यावर तिनं. शेवटी हातात एकच पत्ता उरतो, एका बाजूला त्याची सही, दुसऱ्या बाजूला तिची. पत्ता घरी न्यायचा. जॉइंट अकाउंटच ते, आयदर ऑर सर्व्हायव्हर! यात कुणाची मान खाली जात नाही आणि थक्क मात्र सगळे होतात.

जादूगारांनाच सगळा दोष देऊन मी मोकळा होत नाही. दोष यजमानांचा जास्त. फोटोवाल्याला आगाऊ रक्कम, केटररला आगाऊ रक्कम, आणि जादूगाराशी शेवटच्या पाचशे रुपयांवरून घासाघीस. रात्री दहाला, निम्मा हॉल जेवायला गेल्यावर, ‘पोरांना जरा खेळवा’ म्हणून त्याला वर चढवायचं. ज्यांच्यासाठी बोलावलं ते नवरा-नवरी तिकडं पाकिटं घेत उभे, त्यांना बसून दहा मिनिटं बघायलासुद्धा मिळत नाही. मग तो बिचारा लक्ष वेधायला नवरीलाच ओढतो. त्याला आठ वाजता उभा करा, दोघांना खुर्च्या द्या, पाकिटांची रांग पंधरा मिनिटं थांबवा. आणि नवरीला विचारायचं ते आदल्या दिवशी, घरात, कॅमेरा नसताना विचारा. जेवणही त्याला पंगतीत, आपल्या बरोबरीनं वाढा.

मार्गशीर्षात आमच्या पुतणीच्या मुलीचं लग्न आहे. जादूगार मी ठरवलाय, पैसे पूर्ण दिलेत, खेळांची यादी मुलीकडं पाठवली. तिनं दोन खेळ काटले आणि पत्त्यावरची सही मराठीत करणार की कानडीत, ते ऐनवेळी सांगते म्हणाली.