शंका असेल तेथे मौन

‘यहुदी धर्म म्हणजे नियमांचे जंजाळ,’ असे आमच्यातील सुशिक्षितही बिनदिक्कत म्हणून जातात. पुराव्यादाखल ते एक नियम पुढे करतात: तोरातील एखादा विधी आपल्यावर बंधनकारक आहे की नाही अशी शंका असेल, तर विधी करावा, परंतु त्यापूर्वीची ‘ब्राखा’, म्हणजे परमेश्वराचे नाव घेऊन म्हणावयाचे स्तुतिवचन, म्हणू नये. एखादी स्तुती अधिक झाली म्हणून देव का रागावणार आहे, असा त्यांचा सवाल असतो.

आम्हांला हा सवाल उथळ वाटतो. विधीपूर्वीच्या ब्राखेत भक्त केवळ स्तुती करीत नाही. हे करण्याची आज्ञा देवाने आम्हांला दिली आहे, अशी साक्षही देतो. आज्ञेची खात्री नसताना ती साक्ष द्यावी कशी? अनावश्यक ब्राखा म्हणणारा परमेश्वराचे नाव व्यर्थ घेतो, असे तालमूदने बजावले आहे. निर्गम २०:७ मधील ती आज्ञा आम्हीही तोंडपाठ म्हणतो, पाळतो किती?

मांडवांचा सण, सुक्कोथ, सात दिवसांचा. पूर्वी चंद्रदर्शनावरून महिना ठरे आणि त्याचा निरोप दूरच्या वसाहतींना वेळेवर मिळत नसे. मग आजचा दिवस सातवा की आठवा? तालमूदचा निर्णय असा: मांडवात बसावे, त्याची ब्राखा म्हणू नये. पंचांग निश्चित होऊन शतके लोटली, तरी इस्राएलबाहेर असंख्य यहुदी आठव्या दिवशी तसेच बसतात. येथे शंकेचा फायदा आळसाला मिळत नाही. कृती करावीच लागते. आवरायची ती जीभ.

यात स्तुतीची कंजुषी आहे असेही नाही. पोटभर जेवल्यावर उपकारस्तुती म्हटली की नाही हे आठवत नसेल, तर ती पुन्हा म्हणावी लागते; कारण तिची आज्ञा खुद्द तोराची आहे (अनुवाद ८:१०).

आमच्या ख्रिस्तसभेलाही ही अडचण ठाऊक आहे. बाप्तिस्मा झाला की नाही हे चौकशीअंतीही कळले नाही, तर ‘तुझा बाप्तिस्मा झालेला नसेल तर’ अशी अट घालून तो दिला जातो. शंका असताना देवासमोर खात्रीने बोलू नये, हे आम्ही वेदीपाशी जाणतो. वेदीपासून दूर गेलो की विसरतो. शेजाऱ्याच्या घरी तरुण मुलगा जातो आणि आम्ही ‘देवाचीच इच्छा’ म्हणून मोकळे होतो. ती इच्छा आम्हांला कोणी कळविली? अशा घरी जावे, चूल पेटवून द्यावी, जवळ बसावे. देवाच्या वतीने बोलू नये.