वादळाची इयत्ता

मास्तरकी करणाऱ्या माणसाला जिथे तिथे इयत्ता दिसतात. तरीही अमेरिकेतल्या हवामानशास्त्रज्ञांनी वादळांनासुद्धा इयत्ता लावून दिल्या आहेत हे प्रथम वाचले, तेव्हा त्या मंडळींविषयी मला एकदम आपुलकी वाटली. (दिवाळीच्या अंकात वादळ कशाला, असे कुणी म्हणेल. पण आपल्या पणत्या लागतात तेव्हा तिकडचा वादळांचा हंगाम संपलेला नसतो. तो नोव्हेंबरअखेरपर्यंत चालतो.) अटलांटिक महासागरावर उठणाऱ्या चक्रीवादळाचा वारा ताशी ११९ किलोमीटर झाला की त्याला हरिकेन म्हणतात आणि ते पहिलीत बसते. १७८ला तिसरीत जाते. तिथून पुढे ते ‘मोठे’. २५२ झाले की पाचवी. सहावी नाही. हर्बर्ट सॅफिर हे इंजिनियर आणि रॉबर्ट सिम्प्सन हे हवामानशास्त्रज्ञ, या दोघांनी १९७०च्या सुमारास ही पट्टी तयार केली.

पट्टी सोयीची आहे, यात वाद नाही. आपल्या बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला की कोळ्याला व्याख्यान द्यावे लागत नाही. पण ही पट्टी मोजते फक्त वारा. वादळाचा घेर केवढा, ते समुद्र किती ढकलीत आणते आहे, याला तिच्यात मार्क नाहीत. पूर्वी उधाणाचे आकडेही तिला जोडलेले असत. ते प्रत्यक्षाशी जुळत नाहीत म्हणून २०१० साली काढून टाकले. आणि माणसे मरतात ती बहुधा पाण्याने.

मिसिसिपी राज्याच्या किनाऱ्याने हा धडा फार महागात घेतला. १७ ऑगस्ट १९६९च्या रात्री तिथे कॅमिल नावाचे वादळ आदळले. वारा ताशी २८० किलोमीटर, म्हणजे खणखणीत पाचवी. उधाण सात मीटरांच्या वर चढले. किनाऱ्यावर, आणि पुढे व्हर्जिनियातल्या पुरात, मिळून अडीचशेहून जास्त माणसे गेली. साहजिकच कॅमिल ही त्या मुलखाची मोजण्याची काठी झाली. ज्या घरात तेव्हा पाणी शिरले नाही, त्या घराचा उंबरठा ही लक्ष्मणरेषाच! पुढची छत्तीस वर्षे लोक त्या रेषेवर विसंबून राहिले.

२९ ऑगस्ट २००५ रोजी कॅट्रिना आले. आदल्या दिवशी मेक्सिकोच्या आखाताच्या गरम पाण्यावर तेही पाचवीत होते, वारा तोच २८०. किनाऱ्याला लागेपर्यंत तो २०५वर उतरला, म्हणजे वादळ तिसरीत आले. दोन इयत्ता खाली! ऐकणाऱ्याने सुटकेचा निःश्वास टाकावा असाच हा आकडा. पण कॅमिल घेराने आटोपशीर होते आणि कॅट्रिना अवाढव्य. त्याचे हरिकेनच्या जोराचे वारे मध्यापासून सुमारे १९० किलोमीटरपर्यंत पोचत होते. भरल्या परातीतले पाणी एकदा बोटाने ढकलून पाहावे आणि मग अख्ख्या तळहाताने, म्हणजे फरक कळतो. शिवाय तो किनारा उथळ. ढकललेले पाणी खाली जाऊ शकत नाही, ते वरच चढते. आणि आदल्या दिवशी पाचवीतल्या वाऱ्याने उठवलेल्या लाटा, वारा उतरला म्हणून वाटेत थांबत नाहीत. पास ख्रिश्चन या गावी पाणी साडेआठ मीटर चढले. जिथे कॅमिल पोचले नव्हते तिथे ते पोचले, आणि त्या घरांत माणसे बसलेली होती. कॅमिलने १९६९पेक्षा २००५ साली जास्त माणसे मारली, असे तिकडे पुढे म्हणू लागले.

न्यू ऑर्लिन्सची कथा थोडी वेगळी. बशीसारखे खोलगट शहर, निम्मेअधिक समुद्रसपाटीच्या खाली, बांधांच्या भरवशावर जगणारे. तिथल्या काही कालव्यांच्या भिंती पाणी ठरलेल्या उंचीला पोचायच्या आतच कोसळल्या. हे पाप वादळाच्या माथी मारता येत नाही; ज्या लष्करी इंजिनियर खात्याने त्या बांधल्या, त्यानेच २००६ साली दोष कबूल केला. शहराचा ऐंशी टक्के भाग पाण्याखाली गेला. सगळीकडचे मिळून चौदाशेच्या आसपास बळी गेले. नुकसान १२५ अब्ज डॉलरांचे, पण त्याहून मला सलतो तो दुसरा आकडा: लुइझियाना राज्यात गेलेल्यांपैकी जवळजवळ निम्मी माणसे पंचाहत्तरी गाठलेली किंवा ओलांडलेली होती. म्हणजे ज्यांना जुनी वादळे चांगली आठवत होती, तीच.

इशारा मिळाला नव्हता असेही नाही. २८ ऑगस्टच्या सकाळी रॉबर्ट रिक्स या हवामान अधिकाऱ्याने एक पत्रक काढले. मसुदा आधीच तयार होता. त्यातले अतिरंजित वाक्य खोडावे म्हणून ते एकेक ओळ तपासत गेले आणि खोडण्याजोगे एकही सापडले नाही. चांगल्या बांधणीच्या निम्म्या घरांची छपरे आणि भिंती जातील, हा मुलूख कित्येक आठवडे राहण्याजोगा उरणार नाही, प्यायला पाणी मिळणार नाही. मी भाषा शिकवतो. सरकारी कागदावर इतके थेट गद्य मी फारसे पाहिलेले नाही. त्या पत्रकाने पुष्कळांना घराबाहेर काढले असे मानतात. मात्र त्यातही या वादळाचा जोर कॅमिलच्या तोडीचा म्हटला होता. उपमा ऐकणाऱ्याच्या अनुभवातली द्यावी, असे आम्ही वर्गात सांगतो. इथे कॅमिलमधून वाचलेल्या म्हाताऱ्याने ती उपमा ऐकून पाय पसरले असतील, तर त्याला दोष कसा द्यावा?

२०१२ साली सँडी न्यूयॉर्कजवळ आले तेव्हा तर त्याची जेमतेम पहिली इयत्ता होती. त्याच्या वाऱ्यांचा व्यास मात्र हजार मैलांच्या घरातला. भुयारी रेल्वेत समुद्र शिरला.

२०१७पासून तिकडे उधाणाचा इशारा वाऱ्याच्या इशाऱ्याहून वेगळा देतात. त्यात इयत्ता नसते. तुमच्या अंगणातल्या जमिनीपासून पाणी किती फूट चढेल, एवढेच त्यात सांगितलेले असते.