फिल्मची तपासणी दर रोलला, आपली कधी?

शारजा, अजमान, जेबेल अलीच्या पॅकेजिंग कारखान्यांत काम करणाऱ्या मराठी भावांनो, तुमच्या लाइनवर कोरोना ट्रीटर असेल तर हे नीट वाचा. हा कोरोना म्हणजे तो आजार नव्हे, पण छातीशी याचाही संबंध आहेच.

प्लास्टिकच्या फिल्मवर शाई तशी धरत नाही. म्हणून छपाईआधी ती जास्त व्होल्टेजच्या विजेखालून काढतात. इलेक्ट्रोड आणि रोलरमधल्या फटीत हवेचा प्लाझ्मा होतो, जांभळा उजेड दिसतो आणि फिल्म शाई धरू लागते. साध्या पॉलिथिनची पातळी ३१ डाइनच्या आसपास असते, छपाईला साधारण ३८ किंवा जास्त लागते. ते बघायला डाइन पेनने रेघ मारतात. रेघ टिकली तर रोल पास, थेंब झाले तर फेल. वहीत नोंद, खाली सही.

त्याच फटीत हवेतल्या ऑक्सिजनचा ओझोन होतो. डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो, कोरडा खोकला येतो, छाती आवळल्यासारखी वाटते. दमा असेल तर तो बळावतो. याची नोंद कुठल्या वहीत होते?

तक्रार केली की ठरलेली उत्तरं मिळतात.

‘वास येतोय म्हणजे ट्रीटमेंट मस्त चाललीये.’ साफ खोटं. ट्रीटमेंट कशी झाली ते पेन सांगतं. वास एवढंच सांगतो, की ओझोन डक्टमधून बाहेर जायच्या ऐवजी हॉलमध्ये येतोय.

‘सवय होईल.’ सवय नाकाला होते. वास जाणवेनासा होतो, आतली इजा चालूच राहते.

‘मास्क दिलाय ना?’ धुळीचा कापडी मास्क वायू अडवत नाही.

अमेरिकेत कामाच्या ठिकाणी ओझोनची कायदेशीर मर्यादा आठ तासांच्या सरासरीने ०.१ पीपीएम आहे, म्हणजे हवेच्या एक कोटी भागांत एक भाग. तीही आठ तासांसाठी. ओव्हरटाइम धरून बारा तास उभं राहणाऱ्याचं काय? आणि नाकाला वास या मर्यादेच्या खालीही येतो, म्हणून नाकावर काही ठरत नाही. मीटरच लागतो.

उपाय काही नवा नाही. इलेक्ट्रोडवर बंद झाकण, हवा ओढणारा ब्लोअर, ओझोन मोडणारा फिल्टर, आणि ब्लोअर थांबला की ट्रीटर आपोआप बंद करणारा इंटरलॉक. पण ब्लोअर एसीची गार हवाही ओढून नेतो आणि वीजबिल वाढतं. जिथे इंटरलॉकला वायर जोडून बायपास केलंय, तिथे त्याला चूक म्हणू नका. ते ठरवून केलेलं काम आहे. वाचलेले पैसे कंपनीचे, खोकला आपला.

मग करायचं काय? एकट्याने भांडू नका. शिफ्टमधले चौघे-पाच जण मिळून लेखी विचारा, व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना: ब्लोअर चालू आहे का, इंटरलॉक जागेवर आहे का, हवा शेवटची कधी मोजली, आकडा किती आला? मेसेज जपून ठेवा. डॉक्टरकडे गेलात तर ‘ओझोनजवळ काम करतो’ हे स्पष्ट सांगा आणि कागद घ्या.

लेखी का, तेही समजून घ्या. यूएईच्या २०२१ च्या कामगार कायद्याचं कलम ४५ सांगतं, की कामाच्या जागी आरोग्याला गंभीर धोका असेल आणि मालकाला माहीत असूनही तो काही करत नसेल, तर कामगार नोटीस न देता काम सोडू शकतो. सगळं अडतं ते ‘माहीत असूनही’ या दोन शब्दांवर. तुम्ही तोंडी बोललात तर मालक म्हणेल, मला कोणी सांगितलंच नाही. मात्र रागाच्या भरात गेटबाहेर पडू नका. आधी मंत्रालयाकडे तक्रार करा, जाणकाराला विचारा. फ्री झोनमध्ये असाल तर सुरुवात त्या झोनच्या प्राधिकरणापासून करा. पासपोर्टची धमकी दिली तर लक्षात ठेवा, तो स्वतःकडे ठेवायचा हक्क कंपनीला नाही.

रोल फेल झाला तर लाइन थांबवतात. माणसाच्या हवेसाठीही ती थांबली पाहिजे, आणि हे आपण मागितल्याशिवाय कोणी देणार नाही.