बंदूक सरकारची, पट्टा कोणाचा?

सुटीवर गावी आलेला एक जवान परवा आमच्या कार्यालयात येऊन गेला. आम्ही शाळेत मराठी व इतिहास शिकवीत होतो त्या काळात तो आमच्या वर्गात होता. मंगळवेढ्याकडच्या एका कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा, अबोल आणि हस्ताक्षर सुरेख. निघताना त्याने पिशवीतून एक पुडके काढून टेबलावर ठेवले. त्यात रायफलीचा पट्टा, नळीच्या खालच्या बाजूस बसवावयाची एक मूठ आणि एक इवलीशी दुर्बीण होती. "सर, यातले काय ठेवू आणि काय परत करू?" असे त्याने विचारले. या वस्तू त्याने टपालाने मागविल्या होत्या आणि त्यांचे पैसे बापाने ज्वारी विकून दिले होते. आम्हास बंदुकीतले काय कळते, असे म्हणून तो प्रश्न आम्हास टाळता आला असता. परंतु तो गेल्यावर तो प्रश्न काही गेला नाही. म्हणून आज त्याची चर्चा येथे करीत आहोत.

सैनिकाने आपल्या सरकारी शस्त्रास स्वतःच्या आवडीचे साहित्य जोडावे काय, हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाही, आणि नवाही नाही. मराठ्यांच्या फौजेत बारगीर व शिलेदार असे दोन वर्ग होते. बारगिराला घोडा व हत्यार सरकारातून मिळे; शिलेदार आपला घोडा, आपले हत्यार घेऊन चाकरीस येई. शिवाजीमहाराजांनी सरकारी पागा बळकट केली व शिलेदारास तिच्या शिस्तीखाली ठेवले, त्यातील मर्म उघड आहे. ज्याचे हत्यार त्याच्या खाजगी ऐपतीवर अवलंबून, त्याचे लढणेही थोडेफार त्या ऐपतीवरच अवलंबून राहते. आजचा भारतीय जवान नावाने व हक्काने बारगीर आहे. मग पट्ट्यासाठी, मुठीसाठी त्याला शिलेदार होण्याची पाळी का यावी?

याचे उत्तर शस्त्रांच्याच इतिहासात आहे. १९६२ साली चिनी सैन्यापुढे आपले शिपाई दर गोळीस हाताने खटका ओढावयाची .३०३ रायफल घेऊन उभे होते. त्या रायफलीस जोडावयाचे ते काय, तर एक संगीन आणि एक पट्टा. १९९९ मध्ये कारगिलच्या थंडीत इन्सास रायफलीची प्लॅस्टिकची मॅगझिने तडकल्याच्या तक्रारी आल्या. ही रायफल आपल्या पुण्याच्या शस्त्रसंशोधन संस्थेत आखली गेली होती, हे सांगताना अभिमान आणि खंत दोन्ही वाटतात. पुढे २०१९ च्या फेब्रुवारीत ७२,४०० सिग ७१६ रायफलींचा करार अमेरिकन कंपनीशी झाला, २०२४ मध्ये आणखी ७३,००० मागविण्यात आल्या. आणि डिसेंबर २०२१ च्या करारान्वये ६,०१,४२७ एके-२०३ रायफली अमेठीजवळ कोरवा येथे तयार करावयाचे ठरले. या नव्या रायफलींचा विशेष असा की, त्यांच्या अंगावर खाचा पाडलेली एक पट्टी असते. पिकाटिनी नावाच्या अमेरिकन शस्त्रागारावरून तिला पिकाटिनी रेल म्हणतात आणि १९९५ पासून तिचे माप अमेरिकेत ठरून गेलेले आहे. या पट्टीवर दुर्बीण, बॅटरी, मूठ, दुपाई, जे हवे ते चढविता येते. म्हणजे रायफल आता पूर्ण झालेली वस्तू राहिली नाही. ती खुंट्या ठोकलेली भिंत झाली आहे. आणि भिंतीवर खुंट्या दिसल्या की काही तरी टांगावेसे माणसाला वाटतेच!

सरकारने मात्र भिंत आधी आणली आणि टांगावयाच्या वस्तू मागाहून. सिग रायफलीचा पहिला करार २०१९ चा. त्या रायफलीवर बसवावयाच्या रात्रदर्शक दुर्बिणींचा ६५९ कोटी रुपयांचा करार झाला तो ऑक्टोबर २०२५ मध्ये. चांदण्यांच्या उजेडात पाचशे मीटरपर्यंत नेम धरता येईल अशी ही दुर्बीण असल्याचे सरकारने म्हटले आहे, आणि ती देशातच तयार व्हावयाची आहे, याचा आम्हास आनंद आहे. परंतु मधल्या सहा वर्षांचा हिशेब कोणी द्यावयाचा? काश्मीरमध्ये लढणाऱ्या कित्येक तुकड्यांनी आपल्या जुन्या एके रायफलींना नवे दस्ते, नव्या मुठी व पट्ट्या बसवून घेतल्याची छायाचित्रे वर्षानुवर्षे प्रसिद्ध होत आली आहेत. गरज खरी होती, हे त्यावरून दिसतेच.

याविरुद्ध जुन्या पिढीच्या लष्करी मंडळींचा आक्षेप आहे, व तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ते म्हणतात, रायफल ही व्यक्तीची नसून पलटणीची आहे. शेजारचा गडी पडला तर त्याची रायफल उचलून अंधारात चालविता आली पाहिजे. तिच्यावर अनोळखी कळ सापडता कामा नये. शिवाय प्रत्येक तोळा वजनाचा आहे. चार किलोच्या रायफलीस पाव किलोची मूठ, तेवढीच बॅटरी, त्याहून जड दुर्बीण लावली, की तोंडाकडचा भार वाढतो व चढणीवर तासाभराने हात भरून येतो. दुकानात हलकी वाटणारी वस्तू बर्फात जड होते. हे सारे आम्हास मान्य आहे.

पण याच लष्कराने एकेकाळी .३०३ रायफलीचे दस्ते निरनिराळ्या लांबीचे ठेवले होते, ही गोष्ट ही मंडळी विसरतात. आखूड, मध्यम, लांब, आणि अगदी ठेंगण्या शिपायासाठी त्याहून आखूड. माणसांचे हात सारख्या लांबीचे नसतात, हे साम्राज्याच्या कारकुनांनाही समजले होते. आम्ही शिक्षक असताना डावखुऱ्या मुलांच्या हाती उजवीकडून टाक दिला, त्यांच्या बोटांवर छडीही मारली. त्यांचे अक्षर सुधारले नाही, केवळ त्यांना लिहिण्याची भीती बसली. आज त्याची लाज वाटते. साधन माणसास बसवावे लागते, माणूस साधनास नव्हे. फक्त ते कोठवर, एवढेच ठरवावयाचे असते.

आमच्या मते रेषा अशी ओढावी. जे शरीरास लागते, म्हणजे खांद्यावरचा पट्टा, गालाखालची गादी, हाताची मूठ, त्यात निवड जवानाची असावी. पट्टा एकपदरी हवा की दुपदरी, मूठ उभी हवी की तिरपी, हे उणे वीस अंशात जाड हातमोजे घालून पहारा करणाऱ्याला दिल्लीतील समितीपेक्षा अधिक कळते. जे डोळ्यास लागते, त्यात निवड पलटणीची असावी. दुर्बीण हजारात एका भागाने जरी कलली, तरी शंभर मीटरवर गोळी दहा सेंटिमीटर चुकते, तीनशे मीटरवर तीस. म्हणजे छातीचा नेम खांद्याबाहेर जातो. नवी दुर्बीण चढविल्यावर तिचा नेम चांदमारीवर जुळवून घ्यावा लागतो, जवानांच्या भाषेत रायफल 'झिरो' करावी लागते, आणि त्यासाठी काडतुसे व उस्ताद लागतात. ते टपालाने येत नाहीत. आणि जे यंत्रास लागते, चाप, स्प्रिंग, नळीचे तोंड, त्यास पलटणीच्या कारागिराखेरीज कोणीही हात लावू नये. जवानाने नाही आणि हौशी अधिकाऱ्यानेही नाही.

दुर्बिणीच्या बाबतीत आम्ही एवढे कठोर का, ते सोलापूरकरांस वेगळे सांगण्याची गरज नाही. आपल्या चादरीस भौगोलिक मानांकन मिळाले, तरी परगावची चादर 'सोलापुरी' म्हणून विकली जाणे थांबले काय? नक्कल करणाऱ्यास आपला शिक्का हवा असतो, आपला पीळ नको असतो. नकली चादर धुण्यात विटते, फार तर गिऱ्हाईक चार शिव्या देते. नामांकित कंपनीच्या नावाची नकली दुर्बीण मात्र घरच्या खिडकीतून अगदी स्वच्छ दिसते, ७.६२ च्या जड काडतुसाचे धक्के बसू लागले म्हणजे तिच्या आतील भिंग सैल होते, आणि ते कोणत्या दिवशी होईल हे विकणारा सांगत नाही.

आता पैशाचा प्रश्न. येथे आमचे मत निःसंदिग्ध आहे: जवानाच्या बापाची ज्वारी रायफलीच्या मुठीवर खर्ची पडता कामा नये. इराक व अफगाणिस्तानच्या युद्धांत अमेरिकन सैनिकांच्या घरच्यांनी स्वतःच्या खर्चाने संरक्षक साहित्य पाठविले. त्याचा बोभाटा झाला, तेव्हा २००४ मध्ये तेथील काँग्रेसने कायदा करून अशा वस्तूमागे ११०० डॉलरपर्यंत भरपाई देण्याची तरतूद केली. पुढे २००६ मध्ये त्याच लष्कराने बाजारातून घेतलेली खाजगी चिलखते वापरण्यास बंदी घातली. कोणी म्हणेल, हा विरोधाभास झाला. आम्हास तो वाटत नाही. गरज मान्य करणे आणि बाजारावर विश्वास न ठेवणे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करता येतात.

आपल्याकडे तर वाट आधीच मळलेली आहे. सातव्या वेतन आयोगानंतर २०१७ मध्ये गणवेशाच्या भत्त्यांची एकत्र रक्कम ठरली. अधिकाऱ्यास वर्षाला वीस हजार, जवानास दहा हजार रुपये. ज्याच्यावर बूट व कपडे नीट राखण्याचा विश्वास टाकला, त्याच्यावर पट्टा निवडण्याचा विश्वास टाकण्यास काय हरकत आहे? लष्कराने दहा पट्टे, आठ मुठी पारखून त्यांची यादी करावी, त्या कॅन्टीनमध्ये ठेवाव्या, जवानाने हाताळून घ्याव्या आणि रक्कम सरकारने भरावी. तातडीच्या खरेदीसाठी आर्मी कमांडरांना खास आर्थिक अधिकार आहेतच. एका निवारीच्या पट्टीसाठी ते पुरेसे ठरू नयेत, असे नाही.

१९६२ च्या त्या हिवाळ्यात घरोघरी जवानांसाठी लोकरीचे स्वेटर विणले गेले. ती ऊब खरी होती. पण ज्या देशाच्या सैनिकास शेजारणीने विणलेल्या स्वेटरची गरज पडली, त्या देशाच्या कोठारात काय होते, हे विचारण्याचे धैर्य त्या वेळी पुष्कळांना झाले नाही. आज स्वेटरच्या जागी टपालाचे पुडके आले आहे. आपल्या जिल्ह्याचे दोन्ही खासदार संसदेत संरक्षण खात्याच्या मागण्यांवर बोलतील, तेव्हा त्यांनी हा प्रश्न एकदा विचारावा, अशी आमची त्यांना विनंती आहे. विमाने व पाणबुड्या यांवर बोलणारे पुष्कळ आहेत.

त्या जवानास आम्ही आमच्या अल्पबुद्धीने सांगितले ते इतकेच: दुर्बीण परत कर, मूठ तुझ्या सुभेदारसाहेबांना दाखवून त्यांच्या अनुमतीनेच लाव. पट्टा त्याने आमच्यासमोर ओढून पाहिला. त्याचे वीण आम्हीही बोटाने चाचपली; चार पिढ्या मागाच्या गावात राहिल्यावर तेवढे कळते. शिवण एका टोकाला उसवत होती. ती त्याने चाटी गल्लीत दुहेरी घालून घेतली आणि रात्रीच्या गाडीने तो रुजू होण्यास निघून गेला.