गाण्यांचें वय

गेल्या हिवाळ्यांत अमेरिकेंत, न्यू जर्सी संस्थानीं, चिरंजीवांकडे चार महिने राहण्याचा योग आला. सूनबाईंच्या मोटारींत न्यूयॉर्कचें एक नभोवाणी-केंद्र सदा लागलेलें असे. १०६.७ या अंकावर लागणारें हें केंद्र ‘लाइट एफ्. एम्.’ या नांवानें प्रसिद्ध आहे. ‘‘मामंजी, हें सौम्य गाण्यांचें केंद्र, आपल्याला आवडेल,’’ असें त्या म्हणाल्या. ऐकतों तों ढोल काय, विजेच्या गिटारी काय! लक्षणाशीं लक्ष्य जुळेना, तेव्हां आमच्यांतला जुना मास्तर जागा झाला. पुढील चार महिने या सौम्यपणाचा इतिहास विचारण्यांत व वाचण्यांत बरे गेले.

या कथेचा आरंभ एका सरकारी नियमांत आहे. तेथें एकाच मालकाचीं दोन केंद्रें असत. एक जुन्या ए. एम्. पद्धतीचें व दुसरें एफ्. एम्. पद्धतीचें, आणि दोहोंवर कार्यक्रम एकच. मोठ्या शहरांत एफ्. एम्. केंद्रानें निम्म्याहून अधिक वेळ असा उष्टा कार्यक्रम देऊं नये, असें तेथील दळणवळण आयोगानें १९६४ सालीं ठरविलें. आतां रिकामा वेळ भरावयाचा कशानें? अनेक मालकांनीं स्वस्त व सोपा मार्ग पत्करला: वाद्यवृंदाचें संगीत. मांटोवानी, पर्सी फेथ यांच्या वृंदांतील व्हायोलिनांच्या लाटा, निवेदकाचे दोनच शब्द, जाहिराती थोड्या. फितींच्या मोठमोठ्या रिळांवर ध्वनिमुद्रित केलेले कार्यक्रम केंद्रांना बाहेरून पुरविणाऱ्या कंपन्याहि निघाल्या. या प्रकाराला तिकडे ‘सुंदर संगीत’ असेंच नांव होतें. दातांच्या डॉक्टरकडे वाजतें तें, अशी त्याची थट्टाहि पुष्कळ झाली. परंतु १९७० नंतरच्या दशकांत कित्येक शहरांत हींच केंद्रें श्रोत्यांच्या संख्येंत अग्रभागीं होतीं.

मग तीं गेलीं कोठें? याचें उत्तर मला चिरंजीवांच्या शेजारीं मिळालें. तेथें ऐंशी उलटलेल्या एक बाई एकट्याच राहतात. माझें इंग्रजी मॅट्रिकपुरतें व त्यांचें बोलणें संथ, म्हणून आमचें जमलें. त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकींत एक जुना रेडिओ आहे. यजमान हयात असतांना रात्रीं भांडीं पुसतांना दोघें मिळून असें एक वाद्यवृंदाचें केंद्र ऐकत. एके सकाळीं त्यावर व्हायोलिनांच्या जागीं गाणारा आवाज आला, आणि नंतर वृंद परत आलाच नाहीं. बाईंनीं केंद्राला दूरध्वनि केला. पलीकडल्या मुलानें आदरानें ऐकून घेतलें, मग त्यांचें वय विचारलें, आणि त्यापुढें तो अधिकच आदरानें बोलूं लागला. ‘‘तेव्हांच मी समजलें,’’ असें म्हणून त्या हंसल्या.

समजण्याजोगें होतें तें असें. तेथील खासगी केंद्रांचें अन्न जाहिरातींवर, आणि जाहिरातदाराला मुख्यतः २५ ते ५४ या वयाचा श्रोता हवा असतो. घर मांडणारा, मुलें वाढविणारा, रोज कांहीं ना कांहीं विकत घेणारा. १९८० च्या सुमारास वृंदाचा श्रोतृवर्ग या मर्यादेबाहेर चालला. म्हणून त्याच फळीवर नवा माल मांडण्यांत आला: मूळ गायकांनीं गायिलेलीं मृदु गाणीं. लॉस एंजेलिसचें ‘कोस्ट’ १९८२ सालीं या वाटेनें गेलें. १९८४ सालीं सूनबाईंच्या त्या केंद्रानें हा वेष घेतला. ‘बिलबोर्ड’ या व्यापारी नियतकालिकाच्या कोष्टकाचें नांवहि पाहण्यासारखें आहे. १९६१ सालीं तें ‘सुलभ श्रवण’ अशा अर्थाचें होतें. मध्यंतरीं दुसरीं नांवें घेऊन १९७९ पासून तें ‘प्रौढ समकालीन’ झालें. श्रवणाचा गुण जाऊन ऐकणाराचें वय आलें!

आणि येथेंच माझा व्याकरणाचा घोटाळा सुटला. मृदु, मृदुतर, मृदुतम हा तरतमभाव गाण्यांत नसून ऐकणारांत आहे. प्रारंभीं या नव्या केंद्रांवर बार्ब्रा स्ट्रायसँड, नील डायमंड, कार्पेंटर भावंडें यांचें राज्य होतें. श्रोते ५४ ची वेस ओलांडूं लागले तशीं तीं गाणीं मागें सरलीं, आणि त्या काळीं जीं तरुणांचा गोंगाट म्हणून गणलीं जात तीं त्यांच्या जागीं बसलीं. न्यू जर्सीच्याच बॉन जोव्ही मंडळीचें १९८६ सालचें एक आरडाओरड्याचें गाणें आज ‘लाइट’ म्हणून वाजतें. गाणें तसूभरहि बदललेलें नाहीं. तें ऐकणाऱ्या पोरांचे केस मात्र पिकले. केंद्राचें वय तेवढें वाढत नाहीं. श्रोते एका दारानें येतात, दुसऱ्यानें जातात.

मध्यंतरीं उलट वाराहि वाहिला. मोठीं केंद्रें फार चपळ झालीं, तेव्हां खऱ्या संथ गाण्यांची जागा मोकळी पडली. म्हणून २०१८ च्या सुमारास फिलाडेल्फियादि शहरांत ‘ब्रीझ’, म्हणजे झुळूक, या नांवाचीं केंद्रें निघालीं. फिलाडेल्फियाची झुळूक मात्र थोड्याच वर्षांत थांबली व त्या जागीं स्पॅनिश गाणीं आलीं.

आपल्याकडे ‘विविध भारती’ १९५७ पासून आहे. तेथें १९६७ पासून जाहिराती आल्या तरी जुन्या गाण्यांसाठीं ‘भूले बिसरे गीत’ ही ओसरी राखून ठेवली गेली. सरकारी कारभाराला आम्ही नांवें ठेवतों. पण म्हाताऱ्यांना ओसरी द्यावी, हें खासगी मालकास सहसा सुचत नाहीं.

मी स्वतः ५४ ची वेस केव्हांच ओलांडली. निघण्याच्या आदल्या दिवशीं बाजारांतून परततांना त्या केंद्रावर ‘बॅकस्ट्रीट बॉईज’ या पोरांच्या मेळ्याचें १९९९ सालचें एक गाणें लागलें. सूनबाईंनीं आवाज वाढविला. पुण्याच्या वसतिगृहांत याच गाण्याच्या कॅसेटपायीं त्यांना बाईंचीं बोलणीं खावीं लागलीं होतीं म्हणे. मागें बसलेल्या आमच्या चौदा वर्षांच्या नातीनें कानांतले बोळे क्षणभर काढले आणि विचारलें, ‘‘आई, हीं म्हाताऱ्यांचीं गाणीं अजून किती वेळ?’’ सूनबाईंनीं आरशांतून माझ्याकडे पाहिलें. मीं खिडकीबाहेर पाहिलें. शेजारच्या बाईंच्या स्वयंपाकघरांत दिवा लागला होता.