भिंतीलाही श्वास घेऊ द्या!

महाबळेश्वरला माझ्या मामाचा जुना बंगला आहे. जांभ्या दगडाच्या भिंती, हॉलमध्ये चक्क फायरप्लेस! गव्हर्नर जॉन माल्कमच्या काळात (१८२७-३०) इथे साहेब लोकांची वस्ती सुरू झाली आणि त्यांच्यासोबत धुराडीही आली. आता शेकोटी कोण पेटवतं? मामाने खालचं तोंड विटांनी बुजवलं, वर सिमेंटचं झाकण घातलं. विषय संपला!

पण संपला नाही. पुढच्याच पावसाळ्यात तिथे तपकिरी डाग उमटला, पोपडे सुटले. मामाने वॉटरप्रूफ रंग दिला. डाग पुन्हा आला. असं तीनदा झालं. भिंतीलगत आजीची खाट, आणि हल्ली तिचा खोकला थांबत नाही. आता मामा म्हणतो, "भिंतच पाडू!"

माझं स्पष्ट मत आहे की दोष रंगाचा नाही, आपल्या घाईचा आहे. ओल दिसली की आपण ती झाकतो, ती येते कुठून हे विचारतच नाही.

गंमत बघा. धुराड्यात वर्षानुवर्षांची काजळी असते आणि तिच्यातले क्षार भिंतीत मुरलेले असतात. हे क्षार हवेतलं बाष्प ओढून घेतात, म्हणजे छप्पर गळत नसलं तरी भिंत ओली! वर्षाला ५००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या गावात बाष्पाला काय तोटा? त्यात धुराडं दोन्हीकडून बंद, मग आतली ओल जाणार कुठे? वरून वॉटरप्रूफ रंग लावला, म्हणजे उरलेली वाटही बंद.

मग करायचं काय? आधी छपरावर चढून बघा. धुराडं आणि कौलं जिथे भेटतात तिथली फट बुजवा. वरचं झाकण काढून पाऊस अडवणारी पण बाजूने हवा जाऊ देणारी टोपी बसवा. काजळी साफ करा. खाली एक-दोन विटा काढून जाळी लावा. खालून हवा आत शिरेल, वरून बाहेर पडेल. खारावलेला गिलावा खरवडून चुन्याचा करा, आणि तो वाळायला वेळ द्या. भिंत पाडायचा विचार तर सोडाच. खालचा भाग काढला तर वरचं धुराडं कशाच्या आधारावर उभं राहणार?

ओल नक्की कुठली ते कळत नसेल, तर स्वयंपाकघरातली फॉइल भिंतीला चारही बाजूंनी टेपने चिकटवा. दोन दिवसांनी खोलीकडच्या बाजूवर थेंब दिसले तर खोलीतलं बाष्प, भिंतीकडच्या बाजूवर दिसले तर ओल भिंतीतलीच.

नवं बांधायची स्वप्नं आपण सगळेच इंजिनिअर बघतो. पण जुनं नीट दुरुस्त करणं हेही इंजिनिअरिंगच आहे ना? मामा अजून तयार नाही. दिवाळीच्या सुट्टीत त्या दोन विटा मीच काढणार आहे. आणि त्याआधी, आजीची खाट दुसऱ्या खोलीत हलवणार आहे.